वाऱ्याचं निमित्त

हिंगोलीत रेल्वे स्टेशनच्या बाजूला जी पत्र्याच्या घरांची गल्ली आहे, तिथं लाइटबिलं वाटणारा माणूस आला की बाया आधी आपलं बिल बघायच्या आणि मग पद्माबाईचं. पद्माबाईचं बिल सगळ्या गल्लीत कमी. थंडीत घरोघरी पाणी तापवायचे रॉड लागायचे, उन्हाळ्यात कूलर घरघरायचे, आणि बिल हातात पडलं की कुणी मीटरला शिव्या द्यायचं, कुणी नवऱ्याला. पद्माबाई मात्र आपला कागद पदराला पुसल्यासारखा करून आत न्यायची. तिच्या त्या चालण्यात एक ऐट असायची.

"पद्माबाई, तुमी काय अंधारात जेवता काय?" कुणी टोमणा मारलाच तर ती हसून म्हणायची, "अंधारात काय घास नाकात जाऊन राहिला का माय? तोंड सापडतंच की."

तिच्या घरात एका वेळी एकच दिवा जळायचा. या खोलीतून त्या खोलीत जायचं तर आधी इथलं बटन बंद, मग तिथलं चालू. टीव्हीवर बातम्या झाल्या की टीव्ही गप्प. नवरा मुंजाजी एसटी डेपोत मेकॅनिक होता. त्याचे खाकी कपडे इस्त्रीऐवजी गादीखाली दडपले जायचे आणि सकाळी गादीच्या शिवणीसकट बाहेर यायचे. लेकीच्या लग्नात आहेर आलेला पाण्याचा रॉड कपाटावर कागदात गुंडाळून ठेवला होता. डिसेंबरात हाडं कडकडायला लागली तरी अंघोळीचं पाणी अंगणातल्या चुलीवर, कापसाच्या पऱ्हाटीच्या जाळावरच तापायचं. "थंडी कळ काढली की जाती अन् ऊनबी जातं. बिल काय जात न्हाई," असं तिचं म्हणणं.

पैसा नव्हता म्हणावं तर तसंही नव्हतं. सेनगाव तालुक्यातल्या साखऱ्याहून नवराबायको नेसत्या कपड्यानिशी आली होती, तेव्हा काटकसर ही गरज होती. आता नोकरी कायम झाली होती, घर स्वतःचं होतं, एकुलती एक ज्योती चांगल्या घरी पडली होती. पण सुंभ जळाला तरी पीळ जळत नाही म्हणतात ना, त्यातलीच गत. गरज कधीच उठून गेली होती आणि तिच्या जागी मानपान येऊन बसला होता. गल्लीत दुसऱ्या कशाबद्दल पद्माबाईला कुणी नावाजत नव्हतं. ना शिक्षण, ना दागिना. एवढी एकच गोष्ट होती, की जी तिला जमते ती दुसऱ्या कुणाला जमत नाही. माणूस असल्या एका गोष्टीला किती घट्ट धरून बसतो, ते बसणाऱ्यालाही कळत नाही.

ज्योतीचं पहिलं बाळंतपण माहेरी करायचं ठरलं. जावई रत्नपाल सिद्धेश्वरला धरणावर पाटबंधारे खात्यात नोकरीला. तिथं क्वार्टर पाण्याच्या जवळ, संध्याकाळी खिडकी उघडली की गार वारा आत यायचा. पण पहिली खेप माहेरची, ही रीत. त्यात दिवस वैशाखाचे. मुंजाजीनं बायकोला न विचारता बाजारातून एक पत्र्याचा कूलर आणला, हातगाडीवर घालून, वाळ्याच्या नव्या ताट्या बसवून. पद्माबाईनं कूलरकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं आणि घरात सवत आल्यासारखी आत निघून गेली. लेक येणार होती म्हणून बोलली नाही, एवढंच.

ज्योतीला मुलगी झाली. काळीसावळी, नाकेली, मूठ आवळून झोपणारी. मुंजाजी डेपोत पेढे वाटून आला. नातीला पाहून पद्माबाईचाही जीव असा काही भरून आला, की दवाखान्यातून घरी येताना ऑटोमध्ये तिनं लेकराच्या तोंडावर सारा रस्ता आपल्या पदराची सावली धरली. हे सांगितलंच पाहिजे. कारण पुढं जे झालं ते ऐकून कुणी म्हणेल, बाई दगडाच्या काळजाची असेल. तशी ती नव्हती.

मागच्या पत्र्याच्या खोलीत ज्योतीची बाज टाकली. खिडकीत कूलर लावला. पहिले दोन-तीन दिवस तो दिवसरात्र चालला. वाळ्याचा वास घरभर भरून राहिला आणि मायलेकी दोघी निवांत झोपल्या.

पण पद्माबाईची झोप उडाली. मीटर पुढच्या पडवीत होतं. येता-जाता तिची नजर काचेआडच्या चकतीवर जायची. एरवी त्या चकतीवरची तांबडी खूण सावकाश फिरून यायची, बघणाऱ्याला वाट बघायला लावायची. आता ती आली-गेली कळत नव्हतं. पुढच्या महिन्यात बिल येईल, बाया बघतील. कुणी काही म्हणणार नाही कदाचित, पण मनात हसतील, की आली पद्माबाई आमच्या रांगेत.

त्या सकाळी शेजारची म्हातारी रुख्मिणीबाई लेकराला न्हाऊ घालायला आली होती. गल्लीतली निम्मी लेकरं तिच्या पायांवर न्हालेली. ज्योतीच्या कानांत कापूस घालून, डोक्याला फडकं बांधताना ती सवयीनं म्हणाली, "कान उघडे ठेवू नको बाई, वारा लागल." म्हातारीचा एक रोजचा शब्द. बोलली आणि विसरून गेली.

पद्माबाईनं मात्र पडत्या फळाची आज्ञा मानावी तसा तो शब्द झेलला. म्हातारीची पाठ वळली तशी ती खिडकीपाशी गेली आणि कूलरचं बटन दाबलं. घरघर थांबली.

"काहून बंद केला गं माय?" ज्योतीनं विचारलं.

"बाळंतिणीला वारा लागत असतो. जनमभर कंबर धरून बसशील. अन् लेकराला तर न्हाईच चालत."

"पण लई गरम होऊन राहिलं..."

"आमी काय केलं मग? आमाला कुठं होते कूलर? सव्वा महिना काढ तसाच."

आता खरं सांगायचं तर पद्माबाईला स्वतःला कुठला वारा लागला होता? ज्योती साखऱ्यात झाली ती लिंबाखालच्या खोपीत, चारी बाजूंनी मोकळ्या. बाराव्या दिवशी पद्माबाई लेकीला झोळीत टाकून खुरपायला गेली होती. वाऱ्यानं तिचं काही वाकडं केलं नव्हतं. वारा लागतो यावर तिचा विश्वास असता तर निदान भोळेपणा तरी म्हणता आला असता. तोही नव्हता. रीत होती, आणि रीतीच्या आड उभं राहिलं की कुणी मागं काय आहे ते विचारत नाही, एवढं तिला चांगलं ठाऊक होतं.

मुंजाजी संध्याकाळी आला. खोलीत पाय ठेवताच मागं सरला. "अगं, भट्टी झाली ही. दवाखान्यातल्या बाईनं हवा खेळती ठेवा म्हणून सांगितलं होतं ना?"

"बाळंतपणं तुमी केली का मी?" पद्माबाईनं विचारलं.

यावर नवऱ्यानं काय बोलावं? गाडीचं इंजिन खोलून परत जोडणारा माणूस, पण बाळंतिणीच्या खोलीत त्याचं काय चालतंय! बाजारातून त्यानं हातपंखा आणला आणि घरी असला की उंबऱ्यात बसून आतल्या दिशेनं वारं घालत राहिला.

दिवस तापत गेले. पत्रा दुपारी असा तापायचा की आत बसलेल्या माणसाला डोक्यावर तवा धरल्यासारखं व्हायचं. ज्योतीच्या अंगाला घामोळं आलं. लेकरू आधी रडायचं, मग रडायचंही कमी झालं. पद्माबाई ओल्या फडक्यानं त्याचं अंग पुसायची, तळपायांना कांद्याचा रस चोळायची, दारात पाणी शिंपडायची. सगळं करायची, एक बटन सोडून. कूलरकडे हात जावा असं तिला वाटलं नाही असं नाही. एकदा तर ती खिडकीपर्यंत गेलीही. पण आता चालू करायचा म्हणजे वारा लागतो हे खोटं होतं असं लेकीला सांगण्यासारखं झालं असतं. एकदा बोललेलं गिळायचं कसं? उद्या आभाळ येईल, उद्या जरा उतरेल, असं म्हणत ती दिवस ढकलत राहिली.

मधे एक दिवस ती साखऱ्याला चुलतदिराच्या घरी लग्नाला जाऊन आली. सांजेला परत आली तर लेकरू शांत झोपलेलं. अंगही गार होतं. "बघ, कांद्याचा गुण," ती ज्योतीला म्हणाली. ज्योतीनं कूस बदलली. भिंतीकडे तोंड करून पडून राहिली.

त्यानंतर दोन-तीन दिवसांनी लेकराला ताप भरला. दूध ओढेना. टाळू खोल गेली होती. मुंजाजीनं डेपोतून धावत येऊन ऑटो आणला. दवाखान्यात सुई टोचायला शीर सापडेना. ज्योतीला आत लेकराजवळ बसवलं होतं, मुंजाजी औषध आणायला खाली गेला होता, आणि डॉक्टरांनी व्हरांड्यात पद्माबाईला गाठलं.

"मावशी, बाळ कुठल्या खोलीत होतं? पत्र्याच्या का?"

"व्हय."

"पंखा, कूलर काही?"

"हाय की कूलर."

"चालू होता?"

पद्माबाईच्या तोंडून तेच, सवयीचं निघालं. "बाळंतिणीला वारा..."

डॉक्टर वयानं तरुण होते. चिडले नाहीत, तिच्याकडे पाहून नुसता सुस्कारा टाकला. "वाऱ्यानं नाही झालं मावशी. उन्हानं लेकराच्या अंगातलं पाणी आटवलं. थोडं गार ठेवलं असतं तरी निभावलं असतं."

लेकरू दिवस मावळायच्या आत गेलं. नाव ठेवायचं अजून राहिलंच होतं. कयाधू नदीच्या काठाला मुंजाजीनं आणि रत्नपालनं खड्डा केला. एवढुसा तर खड्डा, पण दोघांनाही तो खणवेना.

घरी बाया बसायला आल्या. कुणाला काही कळलेलं नव्हतं, पण बोलल्याशिवाय बायांचं दुःख हलकं होत नाही. एक म्हणाली, "वारा लागला असंल." दुसरी म्हणाली, "वाराच. मह्या भावजयीच्या लेकराचं असंच झालं." रुख्मिणीबाई पदर डोळ्यांना लावून म्हणाली, "मी कान बांधून ठेव म्हणत होते." पद्माबाई तिथंच बसली होती. डॉक्टरांचा शब्द तिच्या जिभेवर होता. तिनं तो गिळला. कोपऱ्यात बसलेल्या ज्योतीनं वाऱ्याचं नाव ऐकलं तशी ती पांढरी पडली, आणि पद्माबाईला वाटलं, दुःखानं पडली असेल.

ज्योती सिद्धेश्वरला परत गेली. माहेरी येणं तिनं जवळजवळ सोडलं. गल्लीत बिलं येत राहिली. पद्माबाईचं बिल पहिल्यासारखंच कमी, पण आता ती कागद न बघता फळीवर ठेवायची. बायांनी विचारलं तर "आलं असंल" म्हणायची.

अडीच-पावणेतीन वर्षांनी, संक्रांत होऊन गेल्यावर रत्नपाल हिंगोलीला आला. ज्योतीला दिवस गेले होते, सातवा लागला होता. बातमी आनंदाची, पण जावयाचा चेहरा उतरलेला होता.

"मामी, तुमी एकडाव चला," तो म्हणाला. "ती कुणाचं ऐकून राहिली न्हाई. खिडक्या लावून बसती. पंखाबी लावू देत न्हाई. मला म्हणते, तुमाला वारा पाहिजे तर बाहेर झोपा. अन् लेकरू येणार चैताच्या शेवटाला. मी कूलर आणतो म्हणलं तर ओक्साबोक्शी रडायला लागली."

पद्माबाई त्याच्याबरोबर निघाली. काय झालं असावं ते तिला अर्धं कळलं होतं आणि उरलेलं अर्धं कळू नये असं वाटत होतं.

क्वार्टरच्या खिडक्या बंद होत्या. बाहेर धरणाचं पाणी ऊन खात पसरलेलं आणि आत कोंदट अंधार. ज्योती भिंतीला टेकून बसलेली, डोक्याला फडकं बांधून, बाळंतीण व्हायच्या आधीच. आईला बघून तिला हुंदका आला. रत्नपाल चहाचं बघायला आत गेला आणि ज्योती बोलायला लागली, इतकी वर्षं दाबून ठेवलेलं सगळं एकदम.

"माय, मी तुला कधी सांगितलं न्हाई. तू साखऱ्याला लग्नाला गेली होतीस ना, तव्हा मी कूलर लावला होता. लेकरू तळमळून राहिलं होतं, मला बघवलं न्हाई. दुपारभर लावला. तुझी चाहूल लागली तसा बंद केला. तू नको म्हणली होतीस तरी म्या लावला. म्याच मारलं गं तिला."

पद्माबाई खाली बसली. त्या एका दुपारी लेकराला गारवा मिळाला होता. त्या एका सांजेला ते शांत झोपलं होतं. तिच्या लेकीनं आई म्हणून केलेली ती एकुलती एक बरोबर गोष्ट, आणि तिचंच पाप म्हणून पोरगी इतकी वर्षं जळत बसली होती.

"न्हाई गं बाई, वाऱ्यानं न्हाई झालं," ती म्हणाली. "उन्हानं झालं. डॉक्टरांनी मला सांगितलं होतं. वारा-बिरा काही लागत नसतो. मी बिल वाढल म्हणून बंद केला होता."

ज्योतीनं डोळे पुसले आणि आईचा हात हातात घेतला. किती दिवसांनी! "माय, मला बरं वाटावं म्हणून सवताच्या अंगावर घेऊ नको. तुला लेकरापेक्षा बिल मोठं होतं व्हय? मला कळत न्हाई का तू कशी हायेस?"

पद्माबाईचा हात लेकीच्या हातात तसाच राहिला. इथं थांबलं असतं तर चाललं असतं. सांगायचं ते सांगून झालं होतं, आणि लेक तर उलट जवळ आली होती. कुठल्याही आईला इथं थांबावंसंच वाटलं असतं. पण बंद खिडक्यांच्या त्या खोलीत पद्माबाईला घाम फुटला होता आणि अजून तर माघही सरला नव्हता. वैशाखात या खोलीत दुसरं लेकरू असणार होतं.

"रत्नपाल!" तिनं हाक मारली. जावई दारात आला. पद्माबाईनं हात सोडवून घेतला आणि त्याच्याकडे बघून बोलली, कारण लेकीकडे बघून ते बोलवलं नसतं. "उद्या हिंगोलीला जा. त्या दवाखान्यात तेच डॉक्टर हायेत अजून. त्यांना इचारा, की मला व्हरांड्यात काय सांगितलं होतं. पत्र्याच्या खोलीत कूलर असून बंद होता, हे त्यांना म्याच सांगितलंय. थोडं गार ठेवलं असतं तर जगलं असतं म्हणले. मी घरी येऊन कुणाला बोलले न्हाई. बाया वारा म्हणल्या, मी म्हणू दिलं. गल्लीत माझं बिल कमी येतं, तेवढ्यासाठी केलं. हे मी बरं वाटावं म्हणून सांगत न्हाई."

खोटं बोलणारा माणूस साक्षीदाराचा पत्ता देत नसतो. ज्योतीच्या चेहऱ्यावरून आधी ओझं उतरलं, ते पद्माबाईनं स्पष्ट पाहिलं. आणि मग दुसरं काहीतरी तिथं येऊन बसलं, तेही पाहिलं. ज्योती भिंतीला धरून उठली, डोक्याचं फडकं सोडलं आणि एकेक करून सगळ्या खिडक्या उघडल्या. पाण्यावरचा वारा आत आला.

"माय," खिडकीतून न वळताच ती म्हणाली, "या बारीला बाळंतपणाला तू येऊ नको. माझ्या नणंदेला बोलावते."

"बरं बाई," पद्माबाई म्हणाली. चहा तिथंच निवला.

लेकरू चैत्राच्या अखेरीला झालं. रत्नपालनं शेजारच्या पीसीओवर फोन करून कळवलं. मुलगी झाली होती, दोघी सुखरूप होत्या, कूलर चालू होता आणि लाइट गेली की नणंद ओल्या चादरी बांधत होती. मुंजाजी आठवड्याला जाऊन यायचा आणि येऊन सगळं सांगायचा. पद्माबाई ऐकायची, पण चला म्हटलं तर नाही म्हणायची. लेकीनं बोलावल्याशिवाय जायचा हक्क आपल्याला राहिला नाही हे तिला कळत होतं. तिला राग नव्हता. रडू मात्र यायचं, आणि ते चुलीच्या धुराच्या नावावर खपायचं.

नामकरणाचं बोलावणं सगळ्या सोयऱ्यांना आलं तसं त्यांनाही आलं. क्वार्टरसमोर मांडव घातला होता. बुद्धवंदना झाली, लेकराचं नाव ऐश्वर्या ठेवलं. बाया सतरंजीवर ओळीनं बसल्या होत्या आणि ज्योती लेकरू एकेकीच्या मांडीवर देत येत होती. लेकरू गुटगुटीत होतं. अंगावर घामोळ्याचा एक ठिपका नव्हता. पद्माबाईची पाळी आली तशी तिनं पदर सावरला, मांडी नीट केली. ज्योतीनं लेकरू तिच्या मांडीवर ठेवलं. पद्माबाईनं त्याच्या कपाळावर तळवा टेकवला. कपाळ गार होतं.

ज्योती पुढंच उभी होती. बाकीच्या बायांजवळ थांबली होती तेवढीच थांबली, मग वाकून लेकरू उचललं आणि पलीकडच्या बाईच्या मांडीवर दिलं.